दोरी, साप आणि कार्निअडीस

प्रश्न : प्लेटोच्याच अकादमीचा पुढे प्रमुख झालेला कार्निअडीस ‘निश्चित ज्ञान होत नाही’ असे म्हणे, आणि रोममध्ये तर त्याने एके दिवशी न्यायाची बाजू मांडून दुसऱ्या दिवशी तीच खोडून काढली, असे वाचनात आले. असा माणूस रोजचे निर्णय कशाच्या आधारावर घेत असेल? की हा नुसताच शब्दच्छल?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : शब्दच्छलाचा आरोप जुनाच आहे. ओरोपस हे गाव लुटल्याबद्दल अथेन्सला झालेला ५०० टॅलेंटचा (टॅलेंट म्हणजे चांदीच्या वजनावर मोजायचे मोठे चलन) दंड कमी करून घेण्यासाठी इ. स. पू. १५५ मध्ये तीन तत्त्वज्ञ रोमला गेले, त्यांत कार्निअडीस होता. त्याच्या भाषणांनी तरुण इतके भारावले की, या पाहुण्यांचे काम उरकून त्यांना लवकर वाटेला लावा, असा आग्रह जुन्या वळणाचा रोमन मुत्सद्दी थोरला केटो याने सिनेटमध्ये धरला. (दंड अखेर १०० टॅलेंटवर आला!)

आपल्या मूळ शंकेचे उत्तर मात्र त्याच्याच परंपरेतील एका दृष्टान्तात आहे. अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या माणसाला वेटोळे दिसते, साप समजून तो उडी मारून पलीकडे जातो. मग वळून पाहतो तर ते हलत नाही, म्हणून ती दोरी असावी असे त्याला वाटते. पण थंडीने गारठलेला सापही निपचित पडतो हे आठवून तो काठीने डिवचतो, आणि तरीही हालचाल नाही म्हटल्यावर ती दोरी मानून चालतो. आपल्याकडे कीर्तनातून परिचित असलेल्या रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात दिवा येतो आणि भ्रम समूळ जातो. कार्निअडीसच्या खोलीत दिवा येतच नाही, तेथे फक्त काठी असते. काही प्रतीती (मनावर उमटणारे ठसे) अचूकच असतात असे मानणाऱ्या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांशी त्याचा वाद नेमका या दिव्यावरून होता : कधीच चुकणार नाही अशी खूण कोणत्याही प्रतीतीवर नसते, मात्र काही प्रतीती अधिक पटण्याजोग्या असतात आणि तपासून घेतल्यावर त्यांवर व्यवहार चालवता येतो, असे तो म्हणे. किती तपासायचे हे प्रसंगाच्या महत्त्वावर आणि हाताशी असलेल्या वेळेवर अवलंबून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की नदीकाठची घरे सामान हलवू लागतात. पाणी उंबऱ्याला लागेलच याची खात्री तेव्हा कोणालाच नसते, पण खात्री नाही म्हणून कोणी हातावर हात ठेवून बसत नाही.

राहता राहिला प्रश्न न्यायाविषयी त्याचे स्वतःचे मत काय होते, हा. त्याने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. त्याची मांडणी ग्रंथबद्ध केली ती कार्थेजहून आलेला त्याचा शिष्य क्लिटोमाकस याने, आणि गुरूंना नेमके कोणते मत मान्य होते हे आपल्याला कधीच उमगले नाही, अशी त्याचीच कबुली रोमन लेखक सिसेरोने नोंदवली आहे.