नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांना अमेरिकन अ‍ॅनिमेटर बिल प्लिम्प्टनची ‘गार्ड डॉग’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म दाखवावी का?

बालवाडी-पहिलीच्या मुलांना नको; दहाच्या पुढच्यांना चालेल. 2004 ची ही पाचेक मिनिटांची फिल्म ऑस्करच्या नामांकनात होती, पण विनोद चांगलाच काळा आहे. बागेत निरुपद्रवी प्राणी-पक्षी दिसले तरी ते मालकाचा जीव कसे घेतील हे कुत्रा मनात रंगवतो, आणि ते पडद्यावर दिसतं. मग भुंकणं! हे सगळं त्याच्या डोक्यात चाललंय हे मोठ्यांना लगेच कळतं. चिमुरड्यांना ते खरंच घडल्यासारखं वाटू शकतं. संवाद नसल्याने सबटायटलची खटपट मात्र वाचते. मोकळ्या मांडवात लावलीत तर बारकी पोरं पुढे येऊन बसणारच, तेव्हा बंद हॉलमध्ये आणि ती झोपल्यावर लावा.