नाणेघाट: गाडीने वर जावं की वैशाखऱ्याहून चढावं?

गेल्या पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला असेल, त्यामुळे तुमचा वाचल्यावर लगेच लिहायला बसलो. तुम्ही कल्याणला राहता, ट्रेकची फारशी सवय नाही. सोबत बायको, मेहुणे, ११ वर्षांचा भाचा आणि ६७ वर्षांच्या आई. ऑफिसातले म्हणतात, माळशेजवरून फिरून गाडीने थेट वरच्या पठारावरच्या घाटघर गावाला जा, पठारावर उभं राहिलं की सगळं तेच दिसतं, मग घाम कशाला गाळायचा?

माझं म्हणणं, चढा. आईंना गाडीने वर आणा, बाकीच्यांनी पायी या. हे कसं जमवायचं ते सांगतोच, पण आधी मी एवढा आग्रह का धरतोय ते ऐका.

नाणेघाट ही मुळात एक वाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच चढाने जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. तुमचं गाव या वाटेचं एक टोक आहे. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांच्या लेखांत कल्याणच्या माणसांचा उल्लेख आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याणकर पैसा राखून होते आणि फिरत होते. गाडीने घाटघरवरून पठारापर्यंत येऊन थोडी पावलं चाललात तर तुम्ही या वाटेच्या शेवटच्या पायरीवर वरच्या बाजूने पोचता. दरी दिसते, फोटो चांगले येतात, पण खिंडीत शिरल्यावर जे वाटायला हवं ते वाटत नाही. खालून अडीच-तीन तास चढून, समोर सरळसोट कडा बघून, आता पुढे वाट कुठली असं मनात आलेलं असताना तो कडा मधोमध फाटतो आणि आत पायऱ्या दिसतात. हे सुख खालून येणाऱ्यालाच मिळतं.

आता वाट. कल्याणहून मुरबाड, टोकावडे आणि मग वैशाखरे, सगळं माळशेजच्या हमरस्त्यावर. वैशाखरे गेल्यावर थोडं पुढे उजव्या हाताला नाणेघाटाची पाटी लागते. एसटीने यायचं असेल तर कल्याण डेपोतून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणारी कुठलीही गाडी चालते, कंडक्टरला आधी सांगून ठेवायचं. रस्त्यावर उतरलात की समोर सह्याद्रीची भिंत दिसते आणि तिच्यावर एक सुळका अंगठा वर केल्यासारखा उभा. तोच नानाचा अंगठा. त्याच्या बगलेत खिंड आहे. वाट चुकल्यासारखी वाटली तर झाडीतून मोकळ्यावर यायचं आणि अंगठा कुठे आहे ते बघायचं.

पहिला टप्पा जंगलातला, सौम्य चढाचा. एक-दोन ओढे लागतात. याच टप्प्यात नवखी माणसं पळत सुटतात आणि पुढे दमतात, म्हणून भाच्याला पहिल्यापासून तुमच्या मागे चालू द्या, पुढे नको. मग झाडी विरळ होते आणि दगडातली वाट सुरू होते. हा खरा चढ. जागोजागी जुने बांधीव दगड दिसतात, काही ठिकाणी पायरी मधोमध खोलगट झालेली आहे. तिथे एकदा थांबा आणि मुलाला त्या खोलगट जागेवरून हात फिरवायला सांगा. बैलांचे खूर, माणसांचे पाय आणि पावसाचं पाणी यांनी झिजवलेला दगड तळहाताला एकदम गुळगुळीत लागतो आणि कडेचा दगड खरखरीत.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. ही चढण कोकणाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी ऊन कड्याच्या पलीकडे असतं आणि तुम्ही सावलीत चढता. सातला पाय लावलात तर बराचसा चढ सावलीतच उरकतो. नऊ-साडेनऊला निघालात तर शेवटचा दगडी टप्पा तळपत्या उन्हात येतो, आणि बहुतेकांची तक्रार तिथूनच सुरू होते.

खिंडीच्या थोडं खाली कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत आणि शेजारी लेणं. इथे घाई करू नका, निदान पाऊण तास ठेवा. आत तिन्ही बाजूंना बसायला दगडी बाक कोरलेले आहेत. दम खात तिथे टेका आणि डोळे अंधाराला सरावू द्या. मग डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी हळूहळू वर येतात. हा लेख प्राकृतात आहे आणि तो सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा मानला जातो. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ केले आणि त्यात गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी किती दिली याची ती मोजदाद आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या कोरीव मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि श्रीसातकर्णी, राजकुमार, महारठी अशी नावं वर कोरलेली. मूर्ती गेल्या. राहिली ती फक्त पावलं, नीट बघितल्याशिवाय कळतही नाहीत. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा, म्हणजे उठाव दिसतो. अक्षरांसाठीही हीच युक्ती.

भाचा ११ वर्षांचा आहे म्हणून मुद्दाम सांगतो, त्याला या लेखातले आकडे दाखवा. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेख पाहून त्यांची नोंद केली, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातल्या काही खुणा म्हणजे अंक आहेत हे ओळखलं. आपण आज लिहितो त्या अंकांच्या सगळ्यात जुन्या रूपांपैकी ही रूपं आहेत. शून्य त्यांच्याकडे नव्हतं. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, आणि मोठी संख्या अशा खुणा जोडून लिहायची. पाचवी-सहावीतल्या मुलाला स्थानिक किंमत शिकून झालेली असते. शून्याशिवाय २४,४०० कसे लिहिशील, असं विचारा आणि त्याला दहा मिनिटं विचार करू द्या. माझ्या मुलीला मी हेच विचारलं होतं, ती परतीच्या वाटेवरही त्याच नादात होती.

एक कळकळीची विनंती. भिंतींना हात लावू नका, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू-पाणी काही चोळू नका, आत चूल-स्टोव्ह पेटवू नका. अक्षरांवर लोकांनी स्वतःची नावं कोरलेली बघितली की मला अजूनही पोटात तुटतं. त्यावर आपण लोकांनीच लक्ष ठेवायचं आहे. समोर कोणी करताना दिसलं तर शांतपणे सांगा, बहुतेक जण ऐकतात.

लेण्यानंतर खिंड. दोन्ही बाजूंना उंच कातळ, मधे अरुंद नळी आणि दगडी पायऱ्या. कोकणातून येणारा वारा इथे गोळा होऊन घुसतो, टोपी हातात धरा. वरच्या तोंडाशी कातळात गणपती आहे, बाहेर पडलात की पठार आणि जवळच तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत असत असं सांगतात. मग नानाच्या अंगठ्यावर चढा, दहा-पंधरा मिनिटं लागतात. तिथून कोकण पायाखाली पसरलेलं दिसतं. समोर खाली तुम्ही सकाळी उतरलात तो रस्ता दोऱ्यासारखा, एका अंगाला मोरोशीचा भैरवगड आणि मागे हरिश्चंद्रगडाची रांग, दुसऱ्या अंगाला जीवधन किल्ला आणि त्याला लगटून उभा असलेला वानरलिंगी सुळका, दूरवर गोरखगड-मच्छिंद्रगडाची जोडगोळी. कड्याच्या काठापर्यंत चालत जाऊ नका. दरीत डोकवायचंच असेल तर पोटावर पालथं पडून, आणि मुलाचे पाय कोणीतरी धरून ठेवलेले असताना.

तुमच्या ऑफिसातले ज्या उलट्या धबधब्याबद्दल बोलतात तो पावसाळ्यातला. जुलै-ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येचा वारा कड्यावर आपटून वर वळतो, आणि पठारावरून दरीत पडणारं पाणी खाली पोचायच्या आत उचलून परत वर फेकतो. आपल्याच अंगावर उलटा पाऊस पडतो. फार सुंदर दिसतं, पण त्या दिवसांत खालून चढू नका, तुम्ही तर नक्कीच नको. एका जुलैत आम्ही सहा जण दुपारी खाली उतरत होतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला शेवटचा ओढा कमरेपर्यंत चढलेला, पाणी तांबडं आणि आत दगड गडगडत असल्याचा आवाज. आमच्यातला एक जण दोर बांधून उतरू म्हणत होता. आम्ही त्याला धरून बसवलं आणि भिजत दोन तास काठावर थांबलो. पाऊस उघडल्यावर पाणी जितक्या झपाट्याने चढलं होतं तितक्याच झपाट्याने ओसरलं. वर पठारावर पडलेला पाऊस खालच्या ओढ्यात अचानक येतो, खाली उघडीप असली तरी. शिवाय पावसाळ्यात प्रशासन कधी कधी अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, निघायच्या आधी चौकशी करावी. उलटा धबधबा बघायचाच असेल तर जुलैत वेगळी खेप करा, गाडीने, आणि मधल्या वारी. शनिवार-रविवारी घाटघरच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि लोक दिवस गाडीतच काढतात.

पायी यायला माझ्या मते दसऱ्याच्या आसपासचे दिवस उत्तम. ओढ्यांना पाणी असतं पण जोर नसतो. पठारावर सोनकी पिवळीधमक पसरलेली असते, घाटघरच्या खाचरांत भात पिवळं पडायला लागलेलं असतं आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ, त्यामुळे लांबचे किल्ले ओळखता येतात. डिसेंबर-जानेवारीही चांगले. मार्चनंतर नको. वर पाणी कमी आणि दगड तापलेले.

आता तुमच्या घरच्यांसाठी बेत. पहाटे पाचला एकाच गाडीने सगळे निघा. पावणेसातच्या सुमारास पाटीपाशी तुम्ही, पत्नी आणि भाचा उतरा. मेहुणे आणि आई तीच गाडी घेऊन पुढे जातील: माळशेज घाट चढून, गणेशखिंडीतून जुन्नर, मग आपटाळे, चावंड किल्ल्याच्या पायथ्यावरून घाटघर. वाटेत चहा-नाश्ता धरून त्यांना साधारण तेवढाच वेळ लागेल जेवढा तुम्हाला चढायला. डोंगराला एवढा मोठा वळसा आहे म्हणूनच माणसांनी ही खिंड खोदली, हे त्या दिवशी न सांगता कळेल. आईंना जमत असेल तर वाटेत पूर गावच्या कुकडेश्वराला थांबा, जुनं कोरीव देऊळ आहे आणि कुकडी नदी याच भागात उगम पावते. दुपारी सगळ्यांनी गाडीनेच परतायचं. उतरताना गुडघ्यांवर येणारा ताण नवख्यांना चढण्यापेक्षा जास्त जड जातो, तो वाचेल.

चढताना फोन लागेलच असं नाही, म्हणून वेळ आधीच ठरवा: अकरापर्यंत खिंडीत नाही आलो तर मेहुण्यांनी पायऱ्या उतरून लेण्यापर्यंत यायचं. माणशी दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, गूळ-शेंगदाणे, आणि खाचा असलेल्या तळाचे वापरून मऊ झालेले बूट. नवे कोरे बूट त्या दिवशी घालू नका. खायचं सामान पिशवीत उघडं धरू नका, वर माकडं हातातून ओढून नेतात.

जेवण घाटघरमध्ये घ्या. आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं तर कुठल्याही घरी पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा मिळतो. ही महादेव कोळी समाजाची वस्ती, भातशेती आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करणं यावर चालणारी घरं. पैशांची घासाघीस करू नका आणि प्लास्टिक परत गाडीत टाका.

जीवधनचा मोह त्या दिवशी आवरा. शेजारीच दिसतो, पण वर जाताना कातळात कोरलेल्या उंच पायऱ्या आहेत. तीन तास चढून आलेल्या लहान मुलाला तिथे न्यायचं नसतं. त्याला आवड लागली तर पुढच्या हिवाळ्यात तोच तुम्हाला घेऊन जाईल.

आणि आईंसाठी एक घडीची खुर्ची गाडीत ठेवा. पार्किंगपासून खिंडीच्या तोंडापर्यंत सपाट चाल आहे, त्या सावकाश येऊ शकतील. गणपतीजवळ सावलीत त्यांना बसवा. नळीतून आवाज वर घुमत येतो, त्यामुळे नातू दिसायच्या बराच आधी त्याचं बोलणं त्यांना ऐकू येईल.