आजोबांचा फोनवरचा आवाज आणि व्हॉक्स फायली

प्रश्न : सांगलीतील आमच्या हळदीच्या अडत दुकानात 2002 च्या सुमारास फोनवरचे सौदे संगणकावर ध्वनिमुद्रित केले जात. त्या काळातील दोन सीडी माझ्याकडे असून त्यांत आजोबांचा आवाज आहे. फायलींच्या नावापुढे ‘व्हॉक्स’ असे लागते आणि मोबाइलवर त्या वाजत नाहीत. संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात एक फाइल उघडली, तेव्हा आवाज चिरका व घाईघाईचा आला आणि ‘फायली खराब झाल्या आहेत’ असे मला सांगण्यात आले. त्या फाइलचा आकार 7,20,000 बाइट आहे. आजोबांच्या वहीत त्या बोलण्यासमोर ‘चार मिनिटे’ अशी नोंद आहे. या फायली एमपीथ्रीमध्ये आणता येतील का, आणि आवाज अधिक स्वच्छ होईल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपण वहीतील नोंद कळवलीत हे फार चांगले झाले, कारण तिच्यावरूनच ती फाइल बहुधा शाबूत असल्याचे दिसते. चार मिनिटे म्हणजे 240 सेकंद. 7,20,000 ला 240 ने भागले की सेकंदाला 3,000 बाइट येतात. संगणक आवाजाची पातळी सेकंदाला हजारो वेळा मोजून ठेवतो. अशा एका मोजणीला नमुना म्हणतात. व्हॉक्स प्रकारात आवाजाच्या एका नमुन्याला 4 बिट, म्हणजे अर्धा बाइट लागतो. तेव्हा आपले ध्वनिमुद्रण सेकंदाला 6,000 नमुने या वेगाने झालेले आहे. दुकानात ते 8,000 या अधिक रूढ वेगाने वाजवले गेले असावे, म्हणून चार मिनिटांचे बोलणे तीन मिनिटांत संपले आणि आजोबांचा आवाज चिरका झाला.

असा घोटाळा होतो, कारण वेव या नेहमीच्या प्रकारच्या ध्वनिफाइलच्या आरंभी नमुन्यांचा वेग, बिटांची संख्या इत्यादी माहिती लिहिलेली असते, तशी ती व्हॉक्स फाइलमध्ये नसते. तिथे पहिल्या बाइटपासून थेट आवाजच सुरू होतो. शिवाय प्रत्येक नमुना आधीच्या नमुन्यापासून किती वर-खाली गेला एवढाच फरक या पद्धतीत साठवलेला असतो. म्हणून मूळ फाइल मधूनच कापू नये. ती पहिल्यापासून उलगडावी आणि तुकडे करायचे असतील तर रूपांतरानंतर करावेत.

सर्वप्रथम दोन्ही सीडी जशाच्या तशा संगणकावर उतरवून घ्या आणि त्या प्रतीची आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यानंतर ‘ऑडॅसिटी’ हा मोफत प्रोग्रॅम घेऊन त्यातील ‘इम्पोर्ट’मधून ‘रॉ डेटा’ निवडा. प्रकार ‘व्हॉक्स एडीपीसीएम’, वाहिनी एक आणि वेग 6,000 असा द्या. सगळ्याच फायली एका वेगाच्या असतील असे गृहीत धरू नका. आजोबांचा आवाज आपल्या कानांना ओळखीचा आहे, आणि वेग बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी तोच सर्वांत भरवशाचा आधार आहे. नुसती खरखर ऐकू आली, तर फाइलचे नाव व्हॉक्स असले तरी आतील पद्धत निराळी असू शकते. तेव्हा भारतीय टेलिफोन जाळ्यात रूढ असलेली ‘ए-लॉ’ पद्धत निवडून पाहा. तिच्यात नमुन्याला 8 बिट आणि सेकंदाला 8,000 बाइट लागतात.

आवाज जुळला की तो 16 बिटांच्या वेव किंवा फ्लॅक या, आवाजातले काहीही न गाळणाऱ्या प्रकारात जतन करा. एमपीथ्रीमध्ये आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो. त्यामुळे ती प्रत नातेवाइकांना पाठवण्यापुरती करावी, जपून ठेवण्यासाठी नव्हे.

स्वच्छतेबाबत मात्र फार आशा धरू नये. टेलिफोनवरून साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा येतो, आणि सेकंदाला 6,000 नमुने घेतल्यावर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 3,000 हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख पटवणारा बराचसा ध्वनी त्याही वरचा असतो. फोनवर नाव सांगताना अक्षर फोडून सांगावे लागे ते यामुळेच. फाइलचा वेग 44,100 केला तरी मुळात नोंदलेच न गेलेले ध्वनी परत येत नाहीत. खरखर कमी करणारी सोय वापरायचीच असेल, तर ती वेगळ्या प्रतीवर आणि हलक्या हाताने वापरा. ती जास्त झाली की शब्दांच्या कडाही पुसल्या जातात.

राजापुरी हळदीचे भाव आणि हरिपूरच्या पेवांचे, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांचे, व्यवहार आजोबांच्या तोंडून या ध्वनिमुद्रणांत आले असतील, तर ते आपल्या घराबाहेरच्यांनाही मोलाचे आहे. म्हणून प्रत्येक नव्या फाइलच्या नावात वहीतील तारीख घाला, आणि एखादा शब्द अस्पष्ट असेल तर त्या काळी दुकानात बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून तो आताच लिहून घ्या.