आधी पातळी जुळवा, मग ट्यूनिंगवर बोलू

महागड्या इन-इअर मॉनिटरच्या, म्हणजे कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनच्या, ट्यूनिंगविषयी माझ्याकडे तेच ते प्रश्न येत राहतात. मी श्रवणतज्ज्ञ आहे. कान तपासते, गायक-वादकांसाठी कानाचे साचे घेते, मॉनिटर कानात नीट बसतो की नाही हे पाहणे माझ्या रोजच्या कामातच येते. पत्रांमधला गोंधळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. ऐकू आलेला प्रत्येक फरक लोक यंत्राच्या नावावर टाकतात. आपला कान, टिप (मॉनिटरचे नळीत बसणारे मऊ टोक) आणि आवाजाची पातळी यांचा हिशोब कोणी करत नाही. म्हणून या वेळी या विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ट्यूनिंग म्हणजे नक्की काय?

उत्तर : खर्ज किती द्यायचा, माणसाचा आवाज किती पुढे आणायचा, झांजेची चमक किती ठेवायची, याबाबत निर्मात्याने घेतलेला निर्णय.

प्रश्न : माझ्या मॉनिटरचा आलेख हरमन टार्गेटशी जुळत नाही. शिवाय 3 किलोहर्ट्झजवळ मोठा उंचवटा दिसतो. मॉनिटर सदोष आहे का?

उत्तर : नाही. आलेख म्हणजे कोणत्या पट्टीतला सूर किती मोठा वाजतो याचे चित्र, आणि हरमन टार्गेट म्हणजे हरमन कंपनीने श्रोत्यांच्या पसंतीवरून सुचवलेला नमुना आलेख. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि कान उघडा असताना 3 किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज ती स्वतःच वाढवून पडद्यापर्यंत पोचवते. मॉनिटर घातला की नळीचे तोंड बंद होते आणि ही नैसर्गिक वाढ निघून जाते. ती भरून देण्यासाठी निर्माता तिथे मुद्दाम उंचवटा ठेवतो. नुसता तो उंचवटा पाहून कोणी मॉनिटरला कर्कश म्हणत असेल, तर त्याला आलेख वाचता येत नाही एवढेच समजा.

उंचवटा किती असावा आणि खर्ज किती, यावर मात्र जाणकारांचेही एकमत नाही. एटिमोटिक कंपनीने 1991 मध्ये आणलेला ईआर-4 हा मॉनिटर 'डिफ्यूज फील्ड'च्या कल्पनेजवळ होता. आवाज सगळ्या दिशांनी सारखा येत असेल तर उघड्या कानाच्या पडद्याशी जे पोचेल, ते ऐकवायचे, अशी ती कल्पना. त्यात खर्ज वाढवलेला नव्हता. पुढे हरमनमध्ये शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना वेगवेगळे ट्यूनिंग ऐकवून पसंती विचारली, आणि त्यातून आलेल्या इन-इअर टार्गेटमध्ये खर्ज बराच वर आहे. हे टार्गेट म्हणजे अनेकांच्या आवडीचा मध्य आहे. तुमचा कान आणि तुमची आवड त्या मध्यापासून दूर असू शकते, त्यात काही बिघडत नाही. दोन तास ऐकून थकवा येत नसेल आणि गाण्यातले शब्द स्वच्छ कळत असतील तर मॉनिटर ठेवा. शब्द साध्या बोलण्यातही निसटत असतील तर प्रश्न ट्यूनिंगचा नाही, श्रवणचाचणी करून घ्या.

प्रश्न : एकाच मॉडेलच्या एका आलेखात 8 किलोहर्ट्झला टोकदार शिखर आहे, दुसऱ्यात नाही. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. बहुतेक आलेख ज्या कृत्रिम कानावर काढतात त्याचे मानक 1981 चे, आयईसी 60711. आता त्याचा क्रमांक 60318-4 आहे, पण लोक अजून '711' च म्हणतात. मॉनिटर त्यात किती खोल बसवला यावर 8 किलोहर्ट्झच्या आसपासचे शिखर सरकते, कारण उरलेल्या नळीची लांबी बदलते. खोल बसवला तर शिखर आणखी वरच्या वारंवारतेकडे जाते. ब्रुएल अँड केअरच्या 5128 या नव्या कृत्रिम डोक्याची नळी माणसाच्या नळीसारखी वळणदार आहे, त्यामुळे त्यावरचा आलेख 711 च्या आलेखावर ठेवून तुलना करू नये. 10 किलोहर्ट्झच्या पुढे तर कोणत्याही 711 आलेखावरून चमक, हवेशीरपणा असले निष्कर्ष काढू नका.

तुमच्या कानातले शिखर कुठे आहे ते तुम्हीच शोधू शकता. आवाज अगदी कमी ठेवून 5 ते 10 किलोहर्ट्झचा एकसंध सूर हळूहळू चढवत न्या. जिथे तो अचानक टोचेल ते तुमचे शिखर. टिप बदलून किंवा थोडी खोल बसवून पुन्हा ऐका, जागा हललेली दिसेल. महागडा मॉनिटर 'सिबिलंट', म्हणजे 'स', 'श' टोचणारा, ठरवून विकून टाकणाऱ्या कितीतरी जणांना एका मापाने मोठी टिप पुरली असती. दोन कानांत टोचण्याची जागा वेगळी असेल तर घाबरू नका, नळ्या सारख्या नसतात. पण सूर एका कानात मधेच नाहीसा होत असेल तर तपासून घ्या.

प्रश्न : बारा ड्रायव्हरचा चांगला की एका ड्रायव्हरचा?

उत्तर : ड्रायव्हर म्हणजे मॉनिटरमधला आवाज काढणारा छोटा भाग. ते मोजून ट्यूनिंग कळत नाही. सेनहायझरच्या आयई 900 मध्ये एकच 7 मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे, 64 ऑडिओच्या यू12टी मध्ये 'बॅलन्स्ड आर्मेचर' या छोट्या जातीचे 12 आहेत. ऐकून ठरवा.

प्रश्न : प्रात्यक्षिकात दोन मॉनिटर ऐकले. दुसरा लगेच जास्त उघडा, भरदार, तपशीलवार वाटला, म्हणून तो घेतला. घरी तसा वाटत नाही. आवाज वाढवला की पुन्हा छान वाटतो. असे का?

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही ट्यूनिंगची तुलना केलीच नाही, आवाजाच्या पातळीची केली. दोन आवाजांत एका डेसिबलचा फरक असला तर बहुतेकांना एक 'मोठा' वाटत नाही, तो 'चांगला' वाटतो. इथेच सगळी फसगत होते. आपला कान पातळीप्रमाणे स्वभाव बदलतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवले आणि आज त्या वक्रांचे आयएसओ 226 हे मानक आहे. आवाज हळू असताना खर्ज कानाला कमी ऐकू येतो. पातळी चढली की तो मधल्या सुरांपेक्षा भराभर वर येतो. म्हणजे तोच मॉनिटर, तेच गाणे, पण आवाज वाढवला की 'ट्यूनिंग' बदलले असे वाटते.

आता बटण एकाच जागी ठेवून दोन मॉनिटर बदलले की काय होते ते पाहा. दोन्हींच्या खोक्यावर संवेदनशीलता (ठरावीक शक्तीला तो किती मोठा वाजतो) 105 डेसिबल प्रति मिलिवॅट लिहिली आहे, एकाचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) 16 ओहम, दुसऱ्याचा 32. तेवढ्याच व्होल्टेजला 16 ओहमच्या मॉनिटरला दुप्पट शक्ती मिळते आणि तो 3 डेसिबल मोठा वाजतो. आकडे सारखे, पण तुलना सुरू होण्याआधीच निकाल लागलेला. एखादा निर्माता हाच आकडा मिलिवॅटऐवजी व्होल्टमागे देतो, मग तर खोक्यावरच्या आकड्यांची थेट तुलनाच होत नाही. मी स्वतः एका प्रात्यक्षिकात दोन्ही मॉनिटर मोजून पाहिले होते. ज्याची शिफारस चालली होती तो 4 डेसिबल मोठा वाजत होता. दाखवणाऱ्याने बटण कमी करायला नकार दिला, 'दोघांना सारखीच वागणूक हवी' म्हणाला. अज्ञान असो की युक्ती, ऐकणाऱ्याचे नुकसान तेवढेच.

हे नुकसान खरेदीपुरते असते तर मी एवढे ताणले नसते. पत्रातले तुमचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. आवाज वाढवला की छान वाटते. पुढच्या महिन्यात तीच पातळी साधी वाटू लागेल आणि तुम्ही आणखी वाढवाल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी आठवड्याची मर्यादा 80 डेसिबलला 40 तास आहे. पातळी 3 डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5, 92 ला जेमतेम अडीच तास, तेही सबंध आठवड्यात. चांगला मॉनिटर 92 डेसिबलला विकृत होत नाही, दुखत नाही, कानाला 'पुरे' अशी खूण देत नाही. एखादा स्वस्त इअरफोन निदान फाटका वाजून सावध करतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि पहिला खड्डा बहुधा 4 किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, जिथे व्यंजने स्पष्ट होतात. तो पडल्याचे ज्याचे त्याला उशिरा कळते.

तर तुलना कशी करावी? दोन्ही मॉनिटरवर पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतले सूर मिसळलेला धबधब्यासारखा सलग आवाज, लावा, हळू, समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येईल इतपत. आळीपाळीने ऐकून दोन्ही सारखे मोठे वाटतील अशी बटणाची जागा शोधा आणि दोन आकडे कागदावर लिहा. पुढे जो मॉनिटर कानात, त्याचा आकडा बटणावर लावा. तुकडा तीस सेकंदांचा घ्या, ओळखीच्या माणसाचा आवाज किंवा जुळलेल्या तंबोऱ्याची जवार उत्तम, कारण दोन्हींत मूळ सूर आणि वरचे स्वरांश एकत्र ऐकू येतात. बदल झटपट करा. काल ऐकलेल्या मॉनिटरची आज ऐकलेल्याशी तुलना करू नका, ध्वनीची इतकी बारीक आठवण टिकत नाही. कानाने जुळवलेली पातळी चुकू शकते हेही खरे. ट्यूनिंग फार वेगळे असेल तर एखादा डेसिबल इकडेतिकडे होतो. श्रवणयंत्रे तपासणाऱ्यांकडे कपलर, म्हणजे मोजणीसाठीचा कृत्रिम कान, असते, त्यावर दोन्हींची पातळी मोजून मिळते का ते विचारा. आणि त्याच भेटीत श्रवणचाचणीही करून घ्या. मॉनिटरवर एवढा विचार करणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या कानाचा आलेख नसावा, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

प्रश्न : मॉनिटर खुलावा म्हणून आधी शंभर तास वाजवून ठेवायला सांगितले आहे. ठेवू का?

उत्तर : नको. रोज थोडे ऐकत तेवढे तास भरतात, तोवर तुमच्या मेंदूला त्या आवाजाची सवय होते आणि वस्तू परत करायची मुदतही सरू शकते. आवडला नाही तर लगेच परत करा.

प्रश्न : तोच मॉनिटर फोनवर उबदार आणि मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर पातळ, तीक्ष्ण वाटतो. महागडी केबल घेतली तर फरक पडेल?

उत्तर : फरक तुम्हाला खराच ऐकू येतो आहे, पण त्याचे मूळ केबलमध्ये नाही. बऱ्याच आर्मेचर मॉनिटरचा इम्पिडन्स खर्जाला वेगळा आणि वरच्या पट्टीत वेगळा असतो. समजा खर्जाला 8 ओहम आणि वर 32. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स 10 ओहम असेल तर खर्ज 7 डेसिबलने खाली येतो आणि वरचा भाग जेमतेम अडीचने. म्हणजे निर्मात्याने ठरवलेले ट्यूनिंग जवळपास 5 डेसिबलने तिरके झाले. तोच आकडा 1 ओहम असता तर फरक पाऊण डेसिबलवर आला असता. तेव्हा आउटपुट इम्पिडन्स 1 ओहम किंवा त्याहून कमी असलेले साधन वापरा. ते साधन मोठे किंवा महाग असण्याची गरज नाही. केबलचा रोध फारच जास्त असेल तेव्हाच ती या गणितात येते. चांदी, तांबे, विणीची नक्षी यांच्या कथांवर पैसे घालवू नका. आकडा माहितीपत्रकात नसेल तर निर्मात्याला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत खरेदी थांबवा.

प्रश्न : कस्टम, म्हणजे माझ्याच कानाच्या मापाच्या, मॉनिटरसाठी साचा घरच्या घरी किट आणून घेता येतो का?

उत्तर : नाही. पडद्याला छिद्र असेल आणि तुम्हाला ठाऊक नसेल तर साच्यासाठी भरलेले सिलिकोन मधल्या कानात जाऊ शकते, आणि ते काढायला शस्त्रक्रिया लागते. आधी दुर्बिणीने कान पाहावा लागतो, मळ काढावा लागतो, नळीत आतून बोळा बसवावा लागतो, मग द्रव्य भरतात. गाणारा असेल तर तोंड उघडे ठेवून साचा घ्यायचा, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. साचा सैल झाला तर हवा निसटते आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. मग लोक ट्यूनिंगला नावे ठेवतात. प्रशिक्षित माणसाकडेच जा.

प्रश्न : माझे वय 58. परीक्षक ज्याला 'वरची हवा' म्हणतात ती मला कोणत्याच मॉनिटरमध्ये ऐकू येत नाही. इक्वलायझरने वाढवू का?

उत्तर : आत्ताच नको. वयाबरोबर सगळ्यात वरच्या वारंवारता आधी कमी होतात, हे सगळ्यांचेच होते. जे ऐकूच येत नाही ते वाढवून कानावर भार पडतो आणि हाती काही लागत नाही. नेहमीची श्रवणचाचणी 8 किलोहर्ट्झपर्यंतच असते, त्यामुळे 'नॉर्मल' अहवालात हे दिसणार नाही. त्यापुढची चाचणी उपलब्ध असेल तर मागून घ्या. तीस वर्षांच्या परीक्षकाच्या कानाने तुमची खरेदी ठरवू नका.

प्रश्न : पाच दिवसांपूर्वी सकाळी उठल्यापासून डाव्या बाजूचा मॉनिटर दबका वाजतो, त्या बाजूला बारीक गुंजन आहे. फिल्टर (मळ अडवणारी जाळी) बदलला, टिप बदलली. एका ओळखीच्यांनी आठवडाभर थांबायला सांगितले आहे.

उत्तर : यांना मी त्याच दिवशी कळवले. इथे छापते आहे ते इतरांसाठी. बाजू दबकी झाली की आधी मॉनिटरची अदलाबदल करा, डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात. दबकेपणा मॉनिटरबरोबर गेला तर जाळीत मळ अडकला असेल, साफ करा. तो त्याच कानात राहिला तर दोष कानात आहे. मळ असू शकतो, सर्दीने मधला कान भरलेला असू शकतो. आणि आतल्या कानाची ऐकण्याची क्षमता अचानक गेलेली असू शकते. हा शेवटचा प्रकार बाहेरून ओळखता येत नाही, दुखतही नाही, आणि त्यावर स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त. पहिले दोन आठवडे मोलाचे असतात. त्यातले पाच दिवस यांनी फिल्टर बदलण्यात घालवले. थांबायला सांगणाऱ्या ओळखीच्या माणसाने कान पाहिलेला नाही. असे झाले तर मॉनिटर काढून ठेवा, कानात थेंब घालू नका, आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करायला सांगा. भेटीची वेळ पुढच्या आठवड्याची देत असतील तर 'एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले आहे' हेच शब्द वापरा.