घरी केलेला फळांचा आइस टी गढूळ का होतो?

प्रश्न : मी घरी पीचच्या स्वादाचा आइस टी करते, परंतु फ्रिजमध्ये ठेवल्यावर तो गढूळ होतो आणि तुरट लागतो. माझे काय चुकत असावे?

उत्तर : आपण चहा उकळत असाल, तर कारण तेच आहे. उकळल्याने पत्तीतील टॅनिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारे द्रव्य, जास्त उतरते आणि चहा गार झाला, की ते कॅफीनशी जोडले जाऊन त्याचे बारीक कण बनतात. गढूळ चहा अपायकारक नसतो, पण स्वच्छ, तांबूस रंगाच्या चहाची मजा त्यात नाही, हे खरे. म्हणून १ लिटर गार पाण्यात ४ ते ५ लहान चमचे काळ्या चहाची पत्ती घालून, भांडे झाकून ६ ते ८ तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि पत्ती न दाबता चहा गाळून घ्यावा.

स्वादासाठी २ पिकलेल्या पीचच्या फोडी अर्धी वाटी साखर आणि तितक्याच पाण्यात मंद आचेवर शिजवाव्यात. चमच्याने हलकेच दाबताच फोड मोडू लागली आणि पाकाला गुलाबी झाक आली, की आच बंद करून पाक गाळावा व पूर्ण गार झाल्यावरच चहात मिसळावा. गार पेयात गोडी कमी जाणवते, त्यामुळे चव थंड झाल्यावरच पाहावी. लिंबू पिळल्यास रंग फिका होतो. तो दोष नव्हे.

बर्फाने चहा पाणचट होतो, म्हणून थोडा चहाच बर्फाच्या साच्यात गोठवून वापरावा.