गाडीचा पिकअप जातो, ठेव मोडू का?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. हातात ५२,००० येतात. घरकर्जाचा हप्ता १४,५००, एसआयपी ३,०००, बचत खात्यात ६०,०००. गाडी २०१३ ची छोटी डिझेल, १,३८,००० किलोमीटर झालेत. चार महिने झाले, चढाला मधूनच पिकअप जातो. वाघबीळ सोडून पन्हाळ्याकडं वळलो की, नाहीतर बायकोच्या माहेरी कणकवलीला जाताना घाटात. रेस कितीही दाबा, गाडी ओढतच नाही. बाजूला घेऊन बंद केली, परत चालू केली की काही झालंच नाही अशी पळते. एका गॅरेजला डिझेल फिल्टर बदलला आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला, ६,८०० गेले. दुसऱ्याला एअर फ्लो सेन्सर बदलला, ९,२००. आता तिसरे म्हणतात टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आणि नोझल (डिझेल फवारणारे) दोन्ही करा, ४६,००० आणि ३८,०००. मेहुणे म्हणतात, जीएसटी कमी झालाय, ही विका आणि पाडव्याला नवी दारात आणा. जुनीचे आहे तशी १,२०,००० येतात, धड चालत असती तर १,९०,००० आले असते. नवी ८,२०,००० ला पडते. पतसंस्थेत ४ लाखांची ठेव आहे, मेमध्ये मुदत संपते, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलीय. त्यातले १ लाख मोडून बाकीचं कर्ज काढावं का?

उत्तर : ठेव मोडू नका, नवी गाडी आत्ता घेऊ नका, आणि ८४,००० ची दुरुस्तीही अजून करू नका. एकदम तीन नकार दिले म्हणून रागावू नका. चौथी एक गोष्ट करायची आहे, बिघाड नेमका कुठं आहे ते पैसे देऊन शोधून घ्यायचं, आणि ती चार हजारांत होते.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य पैशाबद्दलचं नाही. ‘बंद केली, परत चालू केली की पळते’ हे आहे. मी मेकॅनिक नव्हे, पण एवढं समजायला मेकॅनिक असावं लागत नाही. खरोखर मोडलेला टर्बो चावी फिरवून बरा होत नाही. चावी फिरवून बरा होतो तो गाडीतल्या कॉम्प्युटरचा रुसवा. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे एकाच नळीतून (रेलमधून) सगळ्या नोझलना दाबानं डिझेल जातं अशा इंजिनात, टर्बोचा हवेचा दाब किंवा रेलमधला डिझेलचा दाब अपेक्षेपेक्षा फार कमी किंवा फार जास्त दिसला, की इंजिन वाचवायला कॉम्प्युटर स्वतःहून ताकद छाटतो. गाडी हळू चालते पण चालते. बंद करून चालू केलं की बऱ्याचदा तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. चढाला, एसी लावून, चार माणसं बसवून इंजिनवर जोर आला की दाब पुन्हा चुकतो. सपाट रस्त्यावर तावडे हॉटेलपर्यंत जाऊन आलात तर काही सापडणार नाही.

आता दाब कशानं चुकतो? टर्बोकडून इंटरकूलरकडं (हवा थंड करणाऱ्या जाळीकडं) जाणाऱ्या होजला चीर असेल, टर्बोवर ताबा ठेवणारा व्हॅक्यूमचा करंगळीएवढा रबरी पाइप कडक होऊन तडकला असेल, त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) अडकत असेल, दाब मोजणाऱ्या सेन्सरवर काजळी बसली असेल, किंवा डिझेल पुरेसं पोचत नसेल. यातल्या बहुतेक गोष्टी काही शे ते काही हजारांच्या आहेत. टर्बो आणि नोझलही असू शकतात, नाही असं मी म्हणत नाही. पण ते सिद्ध करता येतं आणि तुमच्या बाबतीत ते कोणी केलेलं दिसत नाही. नोझलची रिटर्न टेस्ट असते. चारही नोझलच्या परतीच्या नळ्यांना चार छोट्या बाटल्या लावायच्या, इंजिन चालू ठेवायचं आणि कुठली बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते ते बघायचं. डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे ती. ३८,००० मागणाऱ्यानं या बाटल्या तुम्हाला दाखवल्या का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, थोडा लाज वाटण्यासारखा आहे. वडिलांची जुनी पेट्रोल गाडी गरम झाली की दसरा चौकाच्या सिग्नलला मान टाकायची. मिसिंग करते म्हणून प्लग बदलले, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. तेवीस हजार गेले. लोकांना खर्चाची शिस्त शिकवणारा मी, प्रत्येक वेळी ‘आता एवढं करून बघू’ म्हणत होतो. शेवटी उद्यमनगरातल्या एका वायरिंगवाल्यानं इंजिन गरम होईपर्यंत गाडी चालू ठेवली, चहा संपवला आणि मग एकेक वायर हातानं हलवत गेला. गिअरबॉक्सजवळच्या अर्थच्या वायरीला हात लावला आणि इंजिन दचकलं. बोल्टखाली गंज होता. पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, तीनशे रुपये घेतले. मी पाचशे देत होतो, घेतले नाहीत.

सांगायचं एवढंच की तुम्ही आतापर्यंत १६,००० रुपयांचे सुटे भाग आणि मजुरी विकत घेतलीत, बिघाडाचं निदान मात्र अजून विकत घेतलेलं नाही. आपल्याकडं तपासणीचे पैसे द्यायची सवय नाही. ‘बघायचं काय घेताय’ म्हणतो आपण. मग जो फुकट बघतो तो सुट्या भागातून वसूल करतो, आणि त्यात त्याचाही फार दोष नाही, त्यालाही पोट आहे. म्हणून जो फक्त शोधायचे पैसे घेईल असा डिझेलवाला गाठा. आधीच सांगा, दुरुस्ती तुमच्याकडंच करीन असं नाही, शोधण्याचे वेगळे देतो. मी यासाठी ४,००० धरतो. स्कॅनर लावून नुसता कोड (कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचणं म्हणजे शोधणं नव्हे. लॅपटॉप लावून गाडी खरोखर पन्हाळ्याच्या चढाला घेऊन जायची आणि कॉम्प्युटरनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी नोंदवायचे, टर्बोचेही आणि रेलचेही. ज्या क्षणी पिकअप जातो त्या क्षणी कुठला आकडा आधी घसरला, तिथं उत्तर असतं. तोवर कोणालाही जुने कोड पुसू देऊ नका आणि बॅटरीची वायर काढू देऊ नका. बिघाडाच्या वेळची नोंद त्यात साठलेली असते. तुम्ही स्वतः एका वहीत लिहा : गिअर कुठला, आरपीएम किती, एसी चालू होता का, टाकीत डिझेल किती, काळा धूर किंवा शिट्टीसारखा आवाज आला का, चेक लाइट लागला का. फाउंड्रीत रिजेक्शन वाढलं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी भट्टी बदलायला निघत नाही, आधी लॉगशीट बघता. इथंही तेच करायचं.

आता हिशोब. १,२०,००० जुनीचे, १ लाख ठेवीतले, म्हणजे ६ लाखांचं कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांत हप्ता साधारण १२,६०० बसतो. एकूण भरणा ७,५६,०००, त्यात व्याज १,५६,०००. घरकर्जासकट महिन्याचे हप्ते २७,१०० होतात, हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. आणि हे नेमकं त्या वर्षी, ज्या वर्षी मुलीची फी, हॉस्टेल आणि लॅपटॉप एकदम समोर येणार आहेत. मग फीसाठी शैक्षणिक कर्ज काढाल. सरळ बघितलं तर तो व्याजाचा बोजा गाडीनं टाकलेला असेल, शिक्षणानं नाही.

दुरुस्तीकडं बघताना लोक म्हणतात, दोन लाखांच्या गाडीवर ८४,००० कोण घालतं? मला ही तुलनाच पटत नाही. गाडी तुम्ही विकायला नाही, वापरायला ठेवलीय. ८४,००० म्हणजे नव्या गाडीचे सात हप्तेसुद्धा नाहीत. दुसऱ्या बाजूनं बघा. बिघाडासकट आणि बिघाडाशिवाय किमतीत ७०,००० चा फरक आहे. म्हणजे ७०,००० च्या आत दुरुस्ती झाली तर उद्या विकायची वेळ आली तरी कागदावर पैसे वसूल. पण बाजारातली किंमत ही सांगण्याची किंमत असते, देण्याची नव्हे, आणि नव्या छोट्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भावही थोडा खाली सरकतो. म्हणून माझी मर्यादा ४५,०००, शोधण्याचे ४,००० धरून. बचत खात्यातून तेवढे काढले तर १५,००० च उरतात, तेव्हा दुरुस्ती खरंच मोठी निघाली तर एसआयपी चार महिने थांबवून खातं भरत आणा. एसआयपी थांबवायला मी सहसा सांगत नाही.

आधीचे १६,००० या हिशोबात कुठंच धरलेले नाहीत. ‘इतके घातले, आता सोडायची कशी’ असं मनात आलं तर गाडीतून उतरा आणि चहा घ्या.

४५,००० च्या वर आकडा गेला, आणि तो कागदावर सिद्ध झाला, तर विका. पण विकताना तो रिपोर्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. ‘सपाटीला कळत नाही, तोवर देऊन टाकू’ असा विचार मेहुण्यांनी किंवा एजंटनं सुचवला तर नको म्हणा. कोल्हापूर लहान आहे. घेणारा पहिल्याच रविवारी जोतिबाला जाईल आणि दुपारी तुमच्या दारात उभा राहील. विकल्यावर वर्षभर चारचाकीशिवाय काढा. कामावर जायला दुचाकी पुरते. कणकवलीच्या वर्षातून पाच फेऱ्या भाड्याच्या गाडीनं, फेरीला सात हजार धरले तरी ३५,००० होतात. नव्या गाडीचे तीन हप्तेही ३७,८०० चे आहेत. घरचे कुरकुरतील हे मला माहीत आहे. दारात गाडी नसणं हा आपल्याकडं हिशोबाचा प्रश्न राहत नाही.

जीएसटीबद्दल मेहुण्यांचं म्हणणं खोटं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. पण तो दर आहे, दसऱ्याचा सेल नव्हे. मुलीचा प्रवेश होऊन फीचं चित्र स्पष्ट झाल्यावरही गाडी मिळेल. दिल्ली परिसरातल्या जुन्या डिझेल गाड्यांच्या नियमांची भीती कोणी घालत असेल तर तुमच्या एमएच-०९ चा त्याच्याशी संबंध नाही. तुमची पंधरा वर्षं २०२८ मध्ये भरतील. तेव्हा फिटनेस, फेरनोंदणीची ५,००० फी आणि पर्यावरण कर येईल, आणि नव्या गाडीचा विचार करायची खरी वेळ तीच. १२,६०० चा हप्ता भरायची तयारी तुम्ही दाखवलीच आहे, तर गाडी दुरुस्त होऊन खातं पुन्हा भरलं की त्यातले ५,००० महिन्याला बँकेच्या आरडीत टाका. २०२८ पर्यंत सव्वा-दीड लाख जमतील, आणि हप्ता भरून महिना कसा निघतो हेही कळेल. विम्यातून या बिघाडाचं काही मिळणार नाही, यांत्रिक बिघाड त्यात धरलेला नसतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ठेवीबद्दल बोलतोच. बँकेतल्या ठेवींना, नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या, प्रत्येक बँकेमागं ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा महामंडळाचं, विमासंरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तुमची पतसंस्था चांगलीच असेल, पण मुलीच्या शिक्षणाचे चार लाख एकाच ठिकाणी, अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी, विम्याशिवाय ठेवणं मला गाडीच्या बिघाडापेक्षा जास्त टोचतं. मुदतीआधी मोडून व्याज घालवू नका. मेमध्ये मुदत संपली की नूतनीकरणाच्या अर्जावर सही न करता रक्कम बँकेत आणा आणि फीच्या तारखांप्रमाणे दोन-तीन तुकडे करा.

बिघाड सापडेपर्यंत घाट टाळा. ट्रकला ओव्हरटेक करताना मध्येच ताकद गेली तर हा सगळा हिशोब बाजूला राहील. शिमग्याला कणकवलीला एसटीनं जा. चढावरच्या तपासणीचा कागद हातात आला की त्याचा फोटो पाठवा, कोड आणि दोन्ही दाबांचे आकडे वाचता येतील असा, आणि सोबत गॅरेजवाल्यानं त्यावरून सांगितलेला खर्च.