एसटी परत येते, मुक्कामी गाडी थांबते

प्रश्न : आमची अंबडला छोटी टूलरूम आहे. डाय-मोल्डची ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्रॅम आणि टॅलीच्या डेटाची प्रत, सगळं मिळून ६० जीबी, एका लिनक्स सर्व्हरवर असतं. मागच्या वर्षी जुना एलटीओ-५ टेप ड्राइव्ह (कार्ट्रिजमधल्या फितीवर डेटा लिहिणारा) घेतला. रोज रात्री स्क्रिप्टमधून तीन टार (फायलींची एकत्र बांधलेली गाठोडी) एकामागोमाग ‘एसटी-शून्य’ या डिव्हाइसवर जातात. आजवर एकही एरर नाही. परवा एक जुनं ड्रॉइंग काढायला गेलो, तर टेपवर फक्त टॅली! ड्राइव्ह बाद झाला का? विकणारा फोन उचलत नाही. टेप मी रोज घरी, सराफ बाजारात नेतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ड्राइव्ह ठणठणीत आहे. विकणाऱ्यावर फोन न उचलल्याबद्दल खुशाल चिडा, पण टॅलीचं पाप त्याच्या माथी मारू नका. तुमच्या स्क्रिप्टमध्ये एक अक्षर कमी आहे.

लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य. पहिलं नाव आपल्या एसटीसारखंच वागतं. नाशिकहून पेठला जाते आणि फेरी संपली की परत नाशिकला येऊन लागते. म्हणजे टार संपला, डिव्हाइस बंद झालं, की टेप आपोआप गुंडाळून आरंभाला येते. तुमचा दुसरा टार पहिल्याच्या डोक्यावर लिहिला गेला, तिसरा दुसऱ्याच्या. एरर यायचं कारणच नाही, तुम्ही सांगितलं तेच ड्राइव्हनं केलं. एनएसटी ही मुक्कामी गाडी. जिथे पोचली तिथेच रात्री थांबते, पुढचा टार तिथून पुढे लिहिला जातो.

तुम्हाला वाटेल, टॅली तर लहान, मग ड्रॉइंगचा मागचा भाग फितीवर शिल्लक असेल. असेलही. पण लिहून संपलं की ड्राइव्ह तिथे ‘डेटा संपला’ अशी खूण करतो आणि त्या खुणेपलीकडे तुम्हाला जाऊ देत नाही. तेव्हा ते ड्रॉइंग टेपवरून मिळायचं नाही. सीएनसी ऑपरेटरचा पेन ड्राइव्ह तपासा, अशा वस्तू हमखास तिथे सापडतात.

हे मी शहाणपणानं नाही, पोळल्यावर सांगतोय. नव्वदच्या दशकात सातपूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर रूम सांभाळायचो. १५० एमबीची कार्ट्रिज, युनिक्सचं मशीन. तिथे नावं वेगळी होती, पण ‘एन’ तेव्हाही होता आणि तो मी गाळला होता. ऐन मार्चएण्डला डिस्क गेली. टेप लावली तर पगार नाही, लेजर नाही, नुसता स्टोअर्सचा साठा! एकशे बत्तीस कॉलमी प्रिंटआउटवरून आम्ही तिघांनी आठ दिवस लेजर पुन्हा टाइप केलं. टार चालला एवढंच मी रोज रजिस्टरात लिहीत होतो. टेप वाचून बघितली, असं एकदाही लिहिलेलं नव्हतं.

आता दुरुस्ती. स्क्रिप्टमध्ये सगळीकडे एनएसटी-शून्य करा. ‘टेप’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही त्यालाच लावा, म्हणजे टेप पुढेमागे हलवणारी एमटी कमांड नाव न देता चालवली तरी तिथेच जाईल. हे सांगायचं कारण, कुणी एसटी-शून्यवर नुसतं ‘एमटी स्टेटस’ बघितलं तरी टेप रिवाइंड होते. बघणाऱ्याला वाटतं, आपण फक्त डोकावलो.

एवढ्यानं भागत नाही. सकाळी टेप काढून संध्याकाळी परत घातली की ती आरंभालाच असते, आणि पहिला टार कालच्यावर चढतो. म्हणून त्याच टेपवर पुढे लिहायचं असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘एमटी ईओडी’ द्या, ती डेटाच्या शेवटी जाऊन थांबेल. एलटीओ-५ वर दाबून न भरता दीड टीबी मावतं, त्यामुळे वीसेक रात्री सहज निघतील. मात्र सगळं एकाच टेपवर नको. दोन टेपा आलटून पालटून वापरा.

काढताना ‘एमटी एएसएफ’ आणि आकडा. मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसरा टार हवा तर २. ही कमांड आधी रिवाइंड करून मग मोजते, त्यामुळे आपण फितीवर कुठे आहोत हा घोळ राहत नाही.

ब्लॉकचं, म्हणजे एका वेळी टेपवर जाणाऱ्या तुकड्याचंही बघा. टार मुळात २० चा ब्लॉकिंग फॅक्टर धरतो, म्हणजे एका वेळी १० केबी. या ड्राइव्हला ते फारच चिमूटभर. ‘एमटी सेटबीएलके’ शून्य ठेवा आणि टारला ‘बी’ ५१२ द्या, २५६ केबी होतील. वाचतानाही ५१२ च द्या, नाहीतर ‘मेमरी मिळत नाही’ अशा अर्थाची एरर येते आणि माणूस रॅम बदलायला धावतो. हा आकडा टेपच्या डबीवर स्केचपेननं लिहून ठेवा.

वेग सेकंदाला १४० एमबी, म्हणजे तुमचे ६० जीबी सात-आठ मिनिटांचं काम. तास लागत असेल आणि ड्राइव्हमधून थांबल्या-निघाल्याचा आवाज येत असेल, तर डिस्क बारक्या फायली पुरवण्यात कमी पडतेय आणि टेप मागेपुढे घासतेय. मधे एमबफर हा डेटा साठवून सलग पुरवणारा प्रोग्रॅम बसवा.

आणि आठवड्यातून एकदा, निदान शनिवारी, एक फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून उघडून बघा. ड्रॉइंग दिसलं तरच रजिस्टरात सही.

राहता राहिलं घर. टेप कारखान्याबाहेर नेता हे उत्तम, पण सराफ बाजारात? गोदेचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं की तुमच्या गल्लीचं काय होतं ते मी तुम्हाला काय सांगू! वरच्या मजल्यावर, कोरड्या कपाटात, उभी ठेवा. आणि उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत विसरू नका.